द्वितीया विभक्ती

केबल तुटली असं वाटून मी धावले.
डुलुथमधलं जुनं लुथरन चर्च, आता सभागृह,
बाकांवर एकसष्ट माणसं
(तिकिटंही मीच फाडते, आवाजही मीच बघते)
आणि रिस्तिनचं गाणं मधेच थांबलेलं, श्वासाच्या अलीकडे.
तिनं हात वर केला. बिघाड नाही.
योइकला सुरुवात नसते,
मग शेवट कुठून आणायचा?

दुपारी माइक लावताना तिनं मला व्याकरण शिकवलं होतं :
योइक माणसाविषयी नसतो,
माणसासाठी तर नसतोच.
आम्ही माणसाला गातो. लांडग्याला गातो. तळ्याला.
मला सहावीतल्या निमकरबाई आठवल्या,
छडीच्या ठेक्यावर : स, ला, ते, स, ला, ना, ते.
इतकी वर्षं ते नुसतं पाठ होतं.

तिचे वडील गुणगुणायचे ते फक्त स्नोमोबाइलवर,
इंजिनाच्या आवाजाखाली,
कारण गावच्या प्रार्थनेकऱ्यांत ते पाप.
ती मागे, कान त्यांच्या पाठीला लावून.
म्हणून तिच्या पहिल्या योइकात एक मोटर घुरघुरते.
समीक्षकांनी तिला प्रयोग म्हटलं.

बाविसाव्या वर्षी ऑस्लोत अल्बम.
निर्मात्यानं ढोल घातला, मग वारा घातला,
मग लांडग्याचं ओरडणं, विकत आणलेलं.
पोस्टरवरचा बर्फ कॅनडातला.
तिशीत एका बँकेची जाहिरात : अकरा सेकंद,
त्यावर आईच्या घराचं छप्पर झालं, हेही तिनंच सांगितलं.
चाळिशीत स्वरतंतूवर गाठ, आठ महिने पाटी-पेन्सिल.
परतली तेव्हा वरचा षड्ज गेला होता
आणि खाली काहीतरी राहायला आलं होतं.

मिरजेत आमच्या शेजारी तंबोऱ्यांचं दुकान.
घोडीवर, तारेखाली, सुताचा धागा सरकवत सरकवत
अब्बासचाचा एकाएकी थांबायचे :
"बोलली."
तसं.

मध्यंतरानंतर लोखंडाच्या मातीचं एक जहाज बंदरात शिरलं.
भोंगा : लांब, आखूड, आखूड.
उचलपुलानं तसंच उत्तर दिलं.
गुरु, लघु, लघु. भ गण.
रिस्तिन थांबली, ऐकलं,
आणि पुढच्या योइकात जहाज घेतलं, पूलही घेतला.
लोक हसले. मी फेडरला हात लावला नाही.

संपल्यावर सहा सीडी विकायच्या राहिल्या, सातातल्या.
एक म्हातारा रेंगाळला, आर्विड हिएताला,
कोट हातात, टोपी कोटाच्या खिशात.
आम्ही फिनिश, म्हणाला. घरात तसंच सांगायचे.
पण आई भांडी घासताना काहीतरी म्हणायची.
काय म्हणतेस, विचारलं की,
काही नाही रे, पाणी फार गरम आहे.

त्यानं म्हणून दाखवलं. चार सूर,
दोन बेसूर.
रिस्तिननं पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा.
मग सावकाश बोलली :
हा कुणाला आहे, मला ठाऊक नाही. खोटं सांगणार नाही.
पण तिसऱ्या सुरावर जो कोणी आहे
तो लंगडतो.

म्हातारा बाकावर बसला.
टोपी काढली खिशातून, घातली, परत काढली.
मामा, म्हणाला.
त्याचं नाव आमच्यात घेत नसत.

माइक मी गुंडाळून पेटीत टाकले होते.
रेकॉर्डर बंद.
दोघं बाकावर शेजारी, एक म्हणे, एक दुरुस्त करे,
नाव न घेतलेल्या माणसाला
पायरी-पायरीनं आत आणत.

कोपऱ्यातला हीटर घरघरत होता.
तो मी बंद केला.
नोव्हेंबर, बाहेर उणे सहा,
आणि बराच वेळ कुणीच कोट चढवला नाही.